कांदाचाळीतली बैठक

दिवाळीच्या सुट्टीत मी नगरला बहिणीकडे गेले ती फराळ खायला, आणि परत आले ती चाळीस दिवसांची शिक्षा घेऊन. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, एसटीच्या पाटीवरही तेच लिहिलेलं असतं, पण कंडक्टरपासून माझ्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी अजून नगरच येतं.

मी मिरजगावात हायस्कूलला गणित शिकवते. माझा राग शाळेत प्रसिद्ध आहे. सहामाहीचे पेपर तपासताना एका सहकाऱ्यानं गुणांची बेरीज तिसऱ्यांदा चुकवली आणि मी अख्खा गठ्ठा त्यांच्या टेबलावर आपटला. शाईची बाटली सांडली, ते बिचारे उभेच राहिले. मला जास्त भीती वाटली ती नंतर. तास संपला, मधली सुट्टी झाली, तरी माझे हात थरथरायचे थांबेनात. डॉक्टरांनी बीपी पाहिलं, गोळी लिहून दिली आणि म्हणाले, "गोळी बंद करायची नाही आणि डोकं शांत ठेवायचं." गोळी मेडिकलमध्ये मिळाली. दुसरी वस्तू कुठं मिळते ते त्यांनी सांगितलं नाही.

बहिणीच्या कॉलनीतल्या हॉलमध्ये पहाटे पाच वाजता कुंडलिनी योगाचं शिबिर होतं, सात दिवसांचं. शिकवणाऱ्या बाई साठी ओलांडलेल्या, सडपातळ, आवाज बारीक पण नजर अशी की डुलकी काढायची हिंमत होऊ नये. पाठीच्या कण्याच्या बुडाशी एक शक्ती वेटोळं घालून निजलेली असते, ती जागी करायची, असं त्या सांगायच्या. माझा विश्वास बसला नाही. वेटोळ्याचा व्यास किती, असं विचारावंसं वाटलं. पण चौथ्या दिवशी ती भात्यासारखी भराभर नाकानं श्वास घ्यायची क्रिया झाली, शेवटची अकरा मिनिटं डोळे मिटून बसले, आणि माझ्या लक्षात आलं की माझा जबडा सैल आहे. कित्येक महिने मी दातांवर दात दाबून जगत होते आणि ते मला ठाऊकही नव्हतं. मला तिथंच रडू आलं.

शेवटच्या दिवशी बाईंनी नियम सांगितला. रोज, त्याच वेळी, चाळीस मिनिटं, सलग चाळीस दिवस. एक दिवस चुकला की परत पहिल्यापासून.

"एकोणचाळिसाव्या दिवशी चुकला तर?" मी विचारलं.

"तर दुसऱ्या दिवशी तुमचा पहिला दिवस," त्या हसून म्हणाल्या.

असला अन्याय्य नियम मी जन्मात ऐकला नव्हता, आणि म्हणूनच तो मला लागला. मी एमए अर्धवट सोडलं, कॉम्प्युटरचा कोर्स अर्धवट सोडला, बिनसाखरेचा चहा अकरा दिवस प्यायला. या खेपेला नाही, असं मी येताना एसटीतच ठरवलं.

आमची वस्ती मिरजगावापासून तीन किलोमीटर आत. घरात मी, नवरा आणि सासूबाई; त्यांना मी आत्या म्हणते. मुलगी पुण्याला शिकते. नवरा शेती बघतो. मी घोंगडी अंथरली तेव्हा तो दारात उभा राहून म्हणाला, "ही परत धुवून कधी ठेवायची तेवढं सांग, म्हंजी ऊन बघून ठेवतो."

पहिला हिशेब चौथ्या दिवशी मोडला. मी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात कणा ताठ करून बसले होते, तेवढ्यात लाइट आली आणि नवऱ्यानं मळ्यातून फोन केला, मोटरचा स्टार्टर दाब म्हणून. फोन वाजत राहिला, आत्या हाका मारत राहिल्या, मी उठले. दुसरा हिशेब नवव्या दिवशी मोडला. चहाची पावडर कुठं ठेवली, एवढ्यासाठी. पावडर डब्यात होती, डबा फळीवर होता, फळी तीस वर्षं तिथंच आहे. मी इतकी ओरडले की सगळी साधना त्या एका ओरडण्यात खर्ची पडली. तिसरा हिशेब दुसऱ्याच दिवशी गेला, तो कशानं गेला हे सांगायचीही लाज वाटते. गजर बंद करून मी पुन्हा झोपले होते.

मग मी घोंगडी उचलली आणि कांदाचाळीत गेले. दिवाळीपर्यंत आमची चाळ रिकामी होते. लांबट, बांबूच्या फटींच्या भिंती, वर पत्रा, खाली उंचावलेली जमीन, आणि कोपऱ्याकोपऱ्यात उरलेली कांद्याची सालं. वारा चारी बाजूंनी येतो, कांदा सडू नये म्हणून ती बांधलेलीच तशी असते. थंडी सुरू झाली होती. मी स्वेटर घातला, वर शाल घेतली, शिबिरात शिकवल्याप्रमाणे डोक्याला पांढरं फडकं बांधलं आणि चौथ्यांदा पहिला दिवस मोजला.

ते दिवस मला नीट आठवतात. साडेचारला उठायचं, गार पाण्यानं अंघोळ. पहिला तांब्या अंगावर घेताना तोंडून जे निघायचं ते मंत्रात बसणारं नव्हतं. मग चाळीत मांडी घालून बसायचं, घोट्यांना धरून कणा पुढं-मागं हलवायचा, मग मान, मग खांदे, मग तो भात्याचा श्वास, मग "सत् नाम" म्हणत राहायचं, आणि शेवटी गप्प. कांद्याच्या वासानं नाक चुरचुरायचं. ऐन शांततेच्या वेळी कारखान्याला ऊस नेणारा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत, गाणी लावून रस्त्यानं जायचा. पहिले काही दिवस मी मनातल्या मनात त्या ड्रायव्हरला शिव्या घालायचे. सातव्या-आठव्या दिवशी ट्रॅक्टर आला, गेला, आणि तो गेल्यावर मला कळलं की आपण शिवी घातली नाही. एवढीच माझी प्रगती. पण ती मला बीपीच्या आकड्यापेक्षा मोठी वाटली.

घरातल्या हाका चाळीतही यायच्याच. आत्या फटीतून विचारायच्या, "झालं का गं? दूध किती घालायचं?" मी डोळे न उघडता बोटं दाखवायचे. असं करत करत बारावा दिवस आला.

बाराव्या दिवशी मंगळवार होता. मंगळवारी मी डोक्यावरून न्हाते. केस ओले होते, फडकं बांधलं तर सर्दी होईल म्हणून मोकळेच सोडले. शेजारच्या वस्तीवरच्या दोन जावांतली थोरली आमच्याकडे सकाळी दुधाची किटली ठेवायला येते, दोन्ही घरचं दूध माझा नवरा एकत्रच डेअरीला घेऊन जातो. ती चाळीजवळून जात होती. तिला आत काय दिसलं असेल त्याचा विचार आता केला की मला हसू येतं. केस मोकळे सोडलेली बाई, डोळे मिटलेले, कंबरेपासून घुमतेय, आणि नाकातून फुस् फुस् फुस् असा आवाज. किटली तिथंच ठेवून ती हात जोडून उभी राहिली. माझी क्रिया संपेपर्यंत उभी होती. मग घरात जाऊन आत्यांना म्हणाली, "आत्याबाई, तुमी बोलला न्हाईत कदी. बाईंच्या अंगात देवी येती म्हनून."

संध्याकाळी शाळेतून आले तर आत्यांचा आवाज बदलला होता. त्यांनी मला चहा करून दिला. सतरा वर्षांत पहिल्यांदा. मी विचारलं, "काय झालं?" त्या म्हणाल्या, "काय न्हाई. तू बस. दमून आली असशील." नवऱ्यानं रात्री जेवताना सगळी हकीकत सांगितली आणि पोट धरून हसला. मीही हसले. आत्या हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी खरं सांगणार होते. पण दुसऱ्या दिवशी चाळीस मिनिटांत एकही हाक आली नाही. स्टार्टर नवऱ्यानं स्वतः येऊन दाबला. दूध किती घालायचं ते कुणी विचारलं नाही. चाळीच्या दहा पावलं अलीकडे आत्या पहाऱ्यावर बसल्या होत्या आणि कुत्र्यालाही "हाड्" न म्हणता हातानंच हाकलत होत्या. लग्नानंतर मी इतकी सलग शांतता पहिल्यांदा ऐकली. मग मी ठरवलं की सांगू सावकाश.

मी खोटं बोलले नाही, फक्त खरं सांगितलं नाही. या दोहोंतला फरक सिद्ध करा म्हटलं तर मी फळ्यावर करून दाखवीन. त्या दिवसांत मी स्वतःला रोजच करून दाखवत होते. चाळीच्या मेढीपाशी हळदकुंकू दिसायला लागलं, लिंबू दिसलं, एकदा नारळ. नारळाची आत्यांनी चटणी केली, प्रसाद म्हणून दोन वस्त्यांवर वाटली, आणि मी ती भाकरीबरोबर खाल्ली. विज्ञान दिनाला शाळेत अंधश्रद्धेवर भाषण दरवर्षी मीच करते, हे इथं नोंदवून ठेवलं पाहिजे.

अठ्ठावीस दिवस झाले. एकोणतीस झाले. त्या दिवशी भाजी निवडताना आत्या अगदी कौतुकानं म्हणाल्या, "त्या धाकटीचं आपरेशन टळलं बघ तुझ्यामुळं."

धाकटी म्हणजे किटली आणणाऱ्या थोरलीची धाकटी जाऊ. चाळिशीची, अबोल, माझ्या मुलीच्या वेळी बाळंतपणात महिनाभर माझ्या अंगाला तेल लावणारी. तिच्या छातीत गाठ लागली होती हे मला ठाऊक नव्हतं. तिनं ते तीन महिने कुणालाच सांगितलं नव्हतं. शेवटी मिरजगावात डॉक्टरला दाखवलं, त्यांनी नगरला जाऊन तुकडा तपासून घ्या, कदाचित ऑपरेशन लागेल, असं सांगून चिठ्ठी दिली, तारीखही मिळाली. घरात कांद्याची लागण चालू होती, रोपं लावायला सगळे हात हवे होते. मग थोरली म्हणाली, देवीला विचारू. दोघी पहाटे चाळीमागं येऊन उभ्या राहिल्या आणि थोरलीनं हळू आवाजात विचारलं, "आई, हिनं नगरला जावं का?"

मी त्या वेळी मानेची क्रिया करत होते, मला काही ऐकूही आलं नव्हतं. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे. तीन मिनिटं.

"देवीनं साफ न्हाई म्हनून सांगितलं," आत्या म्हणाल्या. "तारीक गेली परवाच."

मी मेथीची जुडी बाजूला सारली. मला राग आला नाही, हे मला आजही खरं वाटत नाही.  मी चपला घातल्या आणि बांधावरून तशीच त्यांच्या वस्तीवर गेले. दिवस मावळायचा होता, सगळे नुकतेच वाफ्यातून आले होते आणि हातपाय धूत होते. मी एका दमात सांगितलं. माझ्या अंगात देवी येत नाही. तो योगाचा प्रकार आहे. मान हलवली ती व्यायाम म्हणून. उद्याच्या उद्या नगरला जा.

धाकटीचा नवरा एखाद्या पुढाऱ्याकडे बघावं तसा आदरानं माझ्याकडे बघत होता. थोरलीनं मान डोलावली. ती मायेनं म्हणाली, "आवो बाई, तुमाला काय ठावं? ज्याच्या अंगात येतं त्याला सुद कुठं राहती?"

"मी शुद्धीवर होते!"

"तसंच वाटतं सगळ्यांला."

मी वीस वर्षं भूमितीची प्रमेयं शिकवतेय. पण नाही म्हणावं तर तोच होकाराचा पुरावा, अशी सिद्धता मला त्या अंगणात पहिल्यांदा भेटली. मी ओरडले, समजावलं, परत ओरडले. धाकटीचा नवरा म्हणाला, "देवीचा शब्द मोडून न्यायची आन् काय झालं म्हंजी? तुमी रागावू नगा. देवी स्वतः म्हनली जा, तर या घटकेला निघतो." धाकटी चुलीपाशी बसून होती. माझ्याकडे बघत ती जाळ पुढं सारत होती.

घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं. तो या वेळी हसला नाही. म्हणाला, "मंग म्हन की. दोन शब्द तर हायेत. बाईचा जीव हाय."

"मी खोटं बोलू? देवीच्या नावानं?"

"अठरा दिवस काय करत हुतीस?"

 मला शाळेतलं माझं भाषण आठवलं, टाळ्या आठवल्या, त्या नारळाची चटणी आठवली. लाज वाटली, ती नुसती वाटली नाही, अंगभर चढली. पण लाज वाटून तिची तारीख परत येणार नव्हती. मी आत्यांना सांगितलं, उद्या पहाटे शेजारच्यांना बोलवा. आत्यांनी काही विचारलं नाही. त्या लगेच निघाल्या.

तिसाव्या दिवशी मी केस मुद्दाम मोकळे सोडले. घोंगडीवर बसले. मागं पावलं वाजली, कुणीतरी उदबत्ती लावली. मी भात्याचा श्वास सुरू केला आणि तो नीट लागेना.  थोरलीनं प्रश्न विचारला. मी ठरवलं होतं की आवाज जाड काढायचा आणि एकच शब्द बोलायचा. तोंड उघडलं तेव्हा जो आवाज निघाला तो नववी ब च्या वर्गात निघतो तोच.

"जा! आजच्या आज नगरला जा. साडेसहाच्या एसटीनं जा. आणि डॉक्टरांची चिठ्ठी आणि आधी काढलेले फोटो विसरू नका, नाहीतर परत पाठवतील!"

 मग "व्हय आई, व्हय आई" असा आवाज आला आणि सगळे पळाले. मी डोळे उघडले. मला उरलेली क्रिया पूर्ण करता आली नाही, मी तिथंच बसून रडले. नियमानं तो दिवस गेला. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा एक मोजला.

तपासणीत जे निघायचं ते निघालं. ऑपरेशन झालं. मग दर तीन आठवड्यांनी नगरला जाऊन सलाइनमधून औषध घ्यायचं, असं सहा वेळा. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात म्हणायचं, पण मधे एकही खेप चुकवायची नाही. ते वाक्य ऐकून मला माझ्या शिबिराच्या बाई आठवल्या, आणि मला माझ्या चाळीस दिवसांचं कौतुक करायची लाज वाटली. तरी मी बसत राहिले. आता बसायचं कारण थोडं बदललं होतं. धाकटी इतकं सोसून जातेय आणि आपण गजर बंद करून झोपायचं, हे जमेना. तिच्या दुसऱ्या खेपेच्या आसपास माझे चाळीस पूर्ण झाले. मी कुणाला सांगितलं नाही. एकेचाळिसाव्या दिवशी उठून परत बसले.

ती जरा हिंडू-फिरू लागली तेव्हा मी तिच्याकडे गेले. घरात दुसरं कुणी नव्हतं. डोक्याला रुमाल बांधून ती ओट्यावर बसली होती, केस गेले होते. मी तिच्यासमोर बसले आणि कबूल केलं. त्या दिवशी देवी नव्हती, मीच होते, मला माफ कर.

ती माझ्याकडे बघून चक्क हसली. "मला तवाच ठाव हुतं बाई. देवीला यष्टीचा टाइम कुठला ठाव असायला?"

"मग तू आधी का नाही बोललीस? मी तुझ्या अंगणात येऊन घसा फोडत होते तेव्हा?"

"बोलून काय?" ती म्हणाली. "लागणीच्या दिसात माजं कोन ऐकतंय? मी काय म्हनून आले हुते चाळीमागं? तुमच्या तोंडून जा ऐकायला. देवी म्हनली असती तर कुनाची छाती हुती अडवायची? तुमी मान हलवली आन् माजंच तोंड बंद झालं."

 शिकलेली, पगार मिळवणारी, वर्गात चाळीस पोरांना गप्प करणारी मी, मला चाळीस मिनिटं हवी होती तर तीही मी सरळ मागितली नव्हती. देवीच्या पदराआड लपून घेतली होती. तिनं तर जीव मागितला होता.

मी म्हटलं, आता मी सगळ्यांना खरं सांगणार. तिनं माझा हात धरला. "नगा. अजून चार खेपा हायेत. कांदा काढायला आला म्हंजी परत म्हनतील, पुढच्या खेपंला जाऊ. तवर राहू द्या देवी."

मी राहू दिली. दोन खेपा तशाच झाल्या. आदल्या दिवशी थोरली येऊन विचारायची, मी मुकाट "जा" म्हणायचे. प्रत्येक वेळी तोंड कडू व्हायचं. मार्च संपत आला, नव्या कांद्यासाठी चाळ साफ करून घेतली, मी घोंगडी ओट्यावर आणली. आणि एका सकाळी ओट्याच्या पायरीशी माझ्या शाळेतल्या एका मुलीची आई बसलेली दिसली. गावातून चालत आली होती. मुलीला फिट येतात, गोळ्या चालू आहेत, त्या बंद करून देवीचा अंगारा लावावा का, एवढं विचारायचं होतं तिला.

मी तिला आत नेलं, पाणी दिलं, आणि गोळ्या का बंद करायच्या नाहीत ते अर्धा तास समजावलं, बाई म्हणून, स्वतःच्या आवाजात. मग त्या दिवशी शाळेतून आले ती थेट धाकटीकडे गेले. तिला बाजूला घेऊन म्हटलं, "मला आता जमणार नाही. उद्या कुणीतरी माझ्या मानेवर पोरीचा जीव टाकेल. तुझ्या दोन खेपा राहिल्यात ते ठाऊक आहे. तुझ्या घरातल्यांशी मी भांडेन, रोज येऊन भांडेन, पण देवी होणार नाही."

तिनं हातातला विळा दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाली, "सांगा."

अंगणात कांद्याचा ढीग होता, सगळे पात कापत बसले होते. आत्याही मदतीला आल्या होत्या. मी उभी राहिले आणि सांगितलं. मला देवी येत नाही, कधीच आली नाही. मी रोज पहाटे योग करते, यापुढेही करणार आहे, पाच ते पावणेसहा मला कुणी हाक मारायची नाही, कारण ती वेळ माझी आहे. या खेपेला मी ओरडले नाही. आत्यांनी विळा खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा उचलला. त्यांना वाईट वाटलं होतं. मलाही वाटलं.

थोरलीनं कापलेला कांदा हातातच धरला होता. "मंग त्या दिशी जा म्हनून कोन म्हनलं?"

"मी म्हणाले."

"पुढच्या खेपांला?"

"तेही मीच."

 धाकटीच्या नवऱ्यानं बायकोकडे बघितलं, ढिगाकडे बघितलं, दोन दिवसांनी येणाऱ्या व्यापाऱ्याचा टेम्पो त्याच्या डोळ्यांपुढं असणार. तो चाचरत म्हणाला, "मंग उद्याच्या खेपंचं? उद्या जा म्हनून कोन म्हनतंय?"

मी तोंड उघडलं होतं. पण माझ्या आधी धाकटी उठली. विळा आडवा ठेवून, लुगड्यावरची पात झटकून, रुमाल नीट करून ती उभी राहिली, आणि मी तिचा तेवढा मोठा आवाज त्याआधी कधी ऐकला नव्हता.

"मी म्हनते," ती म्हणाली, आणि उद्या नगरला न्यायच्या डब्याची कणीक काढायला आत गेली.